शमादान गुरुवारी पोचेल

मोहम्मद अली रस्ता, कैरो
मंगळवार, दुपार

प्रिय वगीदा,

आधी खाली बस. हाताला पीठ लागलं असेल तर धुऊन घे आणि दार लावून घे. रडायचं नाही, कारण बातमी आनंदाची आहे आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. तुझी लेक माझ्याकडे आली होती! हो, तुझी अफाफ. माझ्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून तिनं माझ्या हातचा पुदिन्याचा चहा प्यायला, आणि वर म्हणाली, "मावशी, साखर अजून चालेल." आता तुझ्या काळजात धस्स झालं असेल. ते मला इथं ऐकू येतंय. "या बयेनं पोरीला काय काय सांगितलं?" काही सांगितलं नाही गं! एक अक्षर तोंडातून काढलं नाही. तुझ्या घरी तू शिवणकाम करणारी वगीदा आहेस, आणि तुझी मर्जी असेल तोवर तीच राहशील. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच चुरगळून चुलीत घातलंस तर मी मन्सूराला येऊन तुझ्या गल्लीत उभी राहीन आणि तुझ्या नावानं हाका मारीन. माझा आवाज कसा आहे ते तुला ठाऊक आहे.

तर झालं असं. मी सकाळी खिडकीत बसून भेंडी चिरत होते. खालून शलबीची हाक आली. आपला दरबुका बडवणारा शलबी अजून आहे बरं का. दम्यानं बेजार झालाय, पण कॉफीच्या दुकानातली ती कोपऱ्यातली खुर्ची काही सोडत नाही. ओरडतोय कसा, "इन्शिराह! गिऱ्हाईक आलंय! शिकलेलं दिसतंय, घरातला फाटका झगा बदल!" अख्ख्या रस्त्याला कळलं माझा झगा फाटका आहे म्हणून. मी कपडे बदलते न बदलते तोच दारात ही पोर. सडपातळ, डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी. जिना चढून धापा टाकत म्हणते, "सलाम मावशी. माझं लग्न आहे. मला वरातीपुढे शमादानवाली हवी."

वगीदा, हे शब्द या दारात ऐकून किती वर्षं झाली असतील! आता कोण डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं शमादान घेऊन वरातीपुढे चालतंय? ऊदच्या तारा जुळवणाऱ्यांच्या निम्म्या दुकानांत आता सोफे विकतात. लग्नं हॉटेलात होतात, कोट घातलेला माणूस माइकमध्ये ओरडतो, आणि नाचणारी पोरगी आल्यासारखी येते नि गेल्यासारखी जाते. मी तिला म्हटलं, "पोरी, तुला हे खूळ कुणी घातलं डोक्यात? सासरचे काय म्हणतील?" तर म्हणाली, "सासूबाई म्हणतात, बँड लावू, पण मोहम्मद अली रस्त्यावरची बाई आमच्या पाहुण्यांपुढे नको. मी म्हटलं, मग मीपण नको." मला तर तिथंच तिला मिठी मारावीशी वाटली. विचारलं, "आणि नवरा मुलगा?" "रऊफ? तो म्हणतो, तुमचं बायकांचं काय ते ठरवा, मी खुर्च्या उचलतो." चांगला जावई मिळालाय तुला. असले शहाणे पुरुष हल्ली कुठं सापडतात?

हा रऊफ शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे पोरीच्या डोक्यात प्रश्नच प्रश्न. चहा अर्धा झाला नाही तोच सुरू. "मावशी, हा नाच आला कुठून? रऊफ म्हणतो, फॅरोंच्या थडग्यांच्या भिंतींवर नाचणाऱ्या बायका आहेत. त्याचे हेडमास्तर म्हणतात, तुर्कांनी आणला. आणखी कुणी म्हणतं, हिंदुस्थानातून भटक्यांच्या टोळ्यांबरोबर आला. खरं काय?" मला हसू आवरेना. अगं, खाली गोरे प्रवासी येतात, तेही हेच विचारतात, आणि शलबी प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगून कॉफी उकळतो! पण हिचे डोळे बघून मला थट्टा करवेना. मी तिला उस्ता बहिय्याचं सांगितलं. म्हटलं, आमच्या ताफ्याची एक उस्ता होती. तिनंच मला घडवलं. नाचताना तोंडात मारायची आणि जेवताना ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढायची. तिची आजी वरच्या मुलखात सुईण होती. ती सांगायची, गावात बाई अडली की बाकीच्या बायका कमरेला ओढण्या बांधून तिच्याभोवती गोल फिरायच्या. कंबर खाली सोडायची, पोट फिरवायचं, श्वास आत घ्यायचा नि सोडायचा. भीतीनं आवळून गेलेलं अंग समोरचं सैल अंग बघून आपोआप सैल होतं. उस्ता म्हणायची, "पुरुषांनी बघायला सुरुवात केली ती फार नंतर. आधी हे आपलं आपल्यात होतं." खरं की खोटं ते देव जाणे. पण मी पोरीला म्हटलं, तूच सांग, नाही तर आमच्याकडे वरात दाराशी थांबली की नवरानवरीचे हात नाचणारीच्या पोटावर का ठेवतात? फोटोवाला त्याच क्षणाची वाट बघत का उभा असतो? पोटात काहीतरी असतं म्हणूनच ना! पोर लाजून लाल झाली आणि म्हणाली, "आमचाही तसा फोटो हवा. सासूबाई बघतील आणि गप्प होतील."

मग मला राहवलं नाही. तुला माझी सवय माहीत आहे, या विषयावर तोंड उघडलं की बंद होत नाही. मी तिला म्हटलं, परदेशी नाच बघ, त्यांना उडायचं असतं. टाचा वर, हात वर, उड्या. आपल्या नाचाला उडायचं नसतं. पावलं मातीला चिकटलेली आणि सगळं वजन खाली. दरबुका प्रश्न विचारतो, कंबर उत्तर देते, आणि कधी कधी मुद्दाम देत नाही, तेव्हा खरी मजा. मी उठलेच गं! अकॉर्डियनचा तो पहिला लांब सूर तोंडानं काढला आणि उभी राहिले. खिडकीखाली शलबीला सुगावा लागला असणार, कारण त्यानं कॉफीच्या टेबलावर बोटं चालवायला सुरुवात केली. वय विसरले, भेंडी विसरले. कमरेत ती थरथर अजून आहे, वगीदा! गुडघे कुरकुरतात, पण कंबर अजून म्हातारी झालेली नाही. पोरीनं टाळ्या पिटल्या आणि जीभ भराभर हलवत असा काही आनंदाचा पुकारा केला की समोरच्या गॅलरीत बायका येऊन उभ्या राहिल्या.

आता खरी गोष्ट. तिची नजर कपाटावर गेली. शमादान तिथंच आहे, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं. "तेच का? एकदा बघू?" म्हणाली. मी ते खाली काढलं, पुसलं, आणि गंमत म्हणून तिच्या डोक्यावर ठेवलं. तुला आठवत असेल, त्याचं कडं तुझ्या डोक्याच्या मापानं घडवलं होतं. तू गेल्यावर मी ते घ्यायचे तेव्हा आत फडकं भरावं लागायचं, नाहीतर ते माझ्या कपाळावर घसरायचं. ते फडकं केव्हाच कुजून गेलंय. मला वाटलं, आता हे पोरीच्या नाकावर येणार. तर ते बसलं. फडक्याशिवाय, नीट, घट्ट! मी म्हटलं, "हं, चाल बघू," आणि हात पुढे करून उभी राहिले, कारण पहिल्यांदा सगळ्याच पोरी पाडतात. ही चालली. दारापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि मेणबत्तीची एक वाटी हलली नाही. मी विचारलं, "कुणी शिकवलं तुला?" म्हणाली, "शिकवलं कुणीच नाही. आमच्याकडे ईदच्या आधी काहकच्या बिस्किटांच्या परातींनी घर भरतं. आई परात डोक्यावर घेऊन भट्टीपर्यंत जाते, हात न लावता. लहानपणापासून मीपण. आई म्हणते, मान आपली नाही असं समजायचं, कुणाची तरी सांभाळायला घेतलीय."

वगीदा, माझ्या हातातला चहाचा पेला जमिनीवर! हे वाक्य जगात एकच बाई बोलायची, आणि ती आपल्याला तोंडात मारून शिकवायची. उस्ताचे शब्द, जसेच्या तसे. मी पोरीचा चेहरा नीट बघितला आणि मग मला तो डोळ्यांसमोर असूनही न दिसलेला चेहरा दिसला. तुझी हनुवटी. ठेका पडायच्या आधी एक क्षण थांबायची ती तुझी खोड, तिच्या चालण्यातसुद्धा आहे. मी अगदी साळसूदपणे विचारलं, "आईचं नाव काय गं तुझ्या?" आणि ती म्हणाली, "वगीदा. शिवणकाम करायची लग्नाआधी." मी काचा गोळा करायला खाली वाकले ते बरं झालं, नाहीतर माझं तोंड बघून तिला सगळं कळलं असतं. आणि मुलीचं नाव काय तर अफाफ! शालीनता! आणखी काय ठेवणार होतीस तू! मी खाली बसून हसत होते की रडत होते, मलाच सांगता येणार नाही.

हसू नकोस, पण मला तुझा रागही आला. इतकी वर्षं सगळं लपवलंस, जुना पोशाख विकलास, मला पत्र पाठवू नकोस म्हणालीस, आणि भर दिवसा डोक्यावर परात घेऊन हात न लावता गल्लीतून चालत गेलीस? अगं, मन्सूरातल्या सगळ्या बायका परात दोन्ही हातांनी धरून कण्हत कण्हत भट्टीवर जातात! हात सोडून, मान ताठ, खांदे ढिले, अशी कोण जाते? आपल्याच रस्त्यावरची बाई जाते! मी पोरीला विचारलं, "वडील काही म्हणत नाहीत?" तर म्हणते, "बाबा? त्या दिवशी बाबा वर्तमानपत्र टाकून गॅलरीत उभे राहतात. आई भट्टीवरून परत येईपर्यंत हलत नाहीत. एकदा अर्धी दाढी झालेली, तोंडाला साबण, तसेच उभे होते." तुला हे माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. कारण परात डोक्यावर असताना तू वर बघतच नाहीस.

थांब, अजून आहे. यापुढचं वाचताना खुर्चीचा हात धर. मी पोरीला विचारलं, "माझा पत्ता तुला कुणी दिला?" म्हणाली, "बाबांनी. म्हणाले, आईला आत्ताच सांगू नकोस. मोहम्मद अली रस्त्यावर जा, ऊद बनवणाऱ्याच्या दुकानाशेजारचा जिना चढ, इन्शिराहबाईंना भेट, आणि शमादान हवं तर त्याच घरातलं." मी चक्रावले. तुझा फिक्री एफेंदी, पाटबंधारे खात्यातला सरळ माणूस, ज्याला मी आयुष्यात कधी भेटले नाही, त्याला माझा जिना कसा माहीत? पोर निघाली. जिना उतरता उतरता मधेच थांबली आणि वर बघून म्हणाली, "अय्या, विसरलेच! बाबांनी एक निरोप दिला होता, मला काही अर्थ लागला नाही. सय्यदा झैनबच्या गल्लीत वाऱ्यानं विझलेली मेणबत्ती ज्यानं पेटवली, त्याची मी मुलगी, असं सांग म्हणाले." आणि टकटक करत उतरून गेली. मी जिन्याच्या पायरीवरच बसले.

आठवली का ती वरात? वारा सुटला होता, उस्ता शिव्या घालत होती, आणि तुझ्या शमादानातली पुढची मेणबत्ती विझली. उस्ता तर म्हणायची, विझलेली मेणबत्ती घेऊन नवरीपुढे पाऊल टाकायचं नाही. सगळी वरात खोळंबली. तेव्हा नवऱ्या मुलाच्या मित्रांतला एक किडकिडीत चष्मेवाला पुढे आला, कुठूनशी खुर्ची ओढून तिच्यावर चढला आणि काडी पेटवली. काडी पेटवून तो तुझ्याकडेच बघत राहायचा आणि ती वाऱ्यानं विझायची, आणि त्याचे मित्र ओरडायचे, "अरे मेणबत्ती पेटव, घर पेटवू नकोस!" तू खाली नजर करून उभी होतीस, डोकं न हलवता, कारण हलवणार कशी! तू त्याचा चेहरा पाहिलाच नाहीस. पाहिले असतील तर बूट. मी झांजा वाजवत शेजारी उभी होते, मी पाहिला. असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पण तोच माणूस पुढे तुझ्या शिवणाच्या दुकानात कापड घेऊन येतो, हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. आपण दोघी किती हसायचो! तू येऊन सांगायचीस, "आज परत आला, आईसाठी झगा शिवायचाय म्हणतो. आईवर फार माया आहे बिचाऱ्याची." अगं बाई, एका आईला झगे लागतात तरी किती? तो झग्यांसाठी येतच नव्हता! उस्ता गेल्यावर ताफा मोडला, तू दुकानात बसलीस, आणि त्यानं तुला शोधत शोधत ते दुकान गाठलं. तू म्हणालीस, मी शिवणकाम करते. तो म्हणाला, बरं. तुला लपवायचं आहे म्हटल्यावर त्यानंही ते तुझ्यापासून लपवलं. मी खाली जाऊन शलबीला विचारलं, तर तो म्हणतो, "चष्मेवाला, सरकारी माणूस? कैरोत कामाला आला की येतो की इथं! बिनसाखरेची कॉफी घेतो, कुणाशी बोलत नाही. वर कुणी दरबुक्याचा रियाज करत असेल तर कॉफी गार होईपर्यंत बसून राहतो." वगीदा, तू आयुष्यभर ज्याच्यापासून दार लावून बसलीस, तो पहिल्यापासून आतच होता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी तुझ्या लेकीला शब्द दिलाय. म्हटलं, या रस्त्यानं पाहिलेली सगळ्यात चांगली शमादानवाली तुझ्या वरातीपुढे चालेल. ती मी नव्हे. मी कधीच नव्हते, आणि आता तर डॉक्टरनं मानेला पट्टा घातलाय, उशीसुद्धा डोक्यावर घ्यायची नाही म्हणतो. लग्न पुढच्या गुरुवारी. शमादान या गुरुवारी मन्सूराच्या टॅक्सीनं शलबी स्वतः घेऊन येतोय, मांडीवर ठेवून, आणि त्याचा दरबुकाही. फडकं घातलेलं नाही, तुला लागणार नाही. टिकल्यांचा पोशाख नको, साधी गलाबिया घाल, कमरेला ओढणी बांध. गुडघ्यांची काळजी करू नकोस, वरात हळूच चालते. नकोच वाटलं तर शलबीला जेवू घाल आणि शमादान परत पाठव, मी तुला काही म्हणणार नाही. पण एकदा डोळे मिटून बघ. वरात दाराशी थांबलीय, फोटोवाला ओरडतोय, "नवरीबाई, हात ठेवा!" आणि तुझी अफाफ एका परक्या बाईच्या पोटावर हात ठेवतेय, आणि ज्या पोटातून ती आली ते आत पाहुण्यांना सरबत देतंय. हे तुला चालेल? मला नाही चालणार. म्हणून उठ, पीठ मळून झालं असेल तर परात डोक्यावर घे आणि घरातल्या घरात फिरून बघ, मान अजून कुणाची तरी सांभाळायला घेतलेली आहे का. आणि मेणबत्त्या तेवढ्या आणून ठेव. काड्यापेटी आणू नकोस, ती कुणाच्या खिशात असेल हे आता तुला माहीत आहे.

झांजा घेऊन तुझ्या शेजारी चालायला येणारी,
तुझीच
इन्शिराह